सिग्नल नंतर, आधी लाइनी ओळखायला शिक

अगं,

तुझा मेसेज नीट वाचला. फिरत्या ताऱ्यांतून सतत निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळाला येणारे बारीक हेलकावे, शोधायचं तुझ्या मनात आहे. "जे अजून कुणालाच सापडलं नाही त्यात करिअर कसं करायचं" असं घरचे विचारतायत ना, विचारू देत, त्यांची काळजी खरीच आहे. पण सापडलं नाही म्हणजे काहीच हाती लागलं नाही असं तू तरी समजू नकोस.

क्रॅब पल्सार घे, म्हणजे गरगर फिरणारा एक न्यूट्रॉन तारा. सेकंदाला साधारण ३० गिरक्या आणि हळूहळू मंदावतोय, मग ती ऊर्जा जाते कुठे? त्याच्यावर जरासा जरी उंचवटा असेल तर गिरक्यांच्या दुप्पट, म्हणजे ६० हर्ट्झच्या आसपास, गुरुत्वीय लहरी सतत निघत राहणार. २००८ मध्ये लायगोवाल्यांनी (लायगो म्हणजे या लहरी टिपणारे अमेरिकेतले दोन डिटेक्टर) सांगितलं की त्या ऊर्जेत लहरींचा वाटा फार तर ४ टक्के, आणि पुढच्या डेटात ती मर्यादा ०.०१ टक्क्याच्या आसपास आली. काहीही न दिसता एवढं कळलं! वीसेक किलोमीटरचा तारा किती गोल आहे हे इथून सांगता येतं, मला हे लै भारी वाटतं.

गुरुत्वीय लहरींचा २०१५ चा पहिला सिग्नल सेकंदाच्या पाचव्या भागात संपला, क्रॅबसारख्याचा वर्षानुवर्षं चालणारा पण इतका बारीक की महिनोन्‌महिन्यांचा डेटा जोडावा लागतो, आणि वेळ चौपट केला तरी पकड दुप्पटच वाढते. त्यात पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून फ्रीक्वेन्सी दहा हजारात एक भाग वरखाली होते. ताऱ्याची जागा माहीत असेल तर ते दुरुस्त करता येतं, नसेल तर अख्खं आकाश तपासत बसा, म्हणून तर आइन्स्टाइन ॲट होम हा प्रकल्प २००५ पासून लोकांच्या घरचे कॉम्प्युटर वापरतंय.

पण खरं काम लाइनींचं, म्हणजे डेटात एकाच फ्रीक्वेन्सीवर दिसणाऱ्या रेघांचं. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे क्रॅबच्या अगदी शेजारी. पंप, पंखे, घड्याळं सगळ्यांच्या रेघा डेटात उमटतात आणि त्या हुबेहूब सिग्नलसारख्या दिसतात. तुझ्या वडिलांना कारखान्यात सगळे माग चालू असताना एकाचा ठोका बदलला तरी कळतो ना, तसा कान तुला तयार करायचाय. मशिनची लाइन बहुतेक वेळा जागा सोडत नाही, ताऱ्याची मात्र पृथ्वीच्या फिरण्याबरोबर सरकलीच पाहिजे, आणि तीसुद्धा दोन्ही डिटेक्टरमध्ये. जी सरकत नाही तिच्यामागे महिने घालवू नकोस.

लायगो-इंडिया हिंगोलीत औंढा नागनाथजवळ होतंय, २०२३ मध्ये कॅबिनेटची मंजुरी मिळाली. आपली वीज ५० हर्ट्झची, तिथल्या रेघा वेगळ्या असणार, त्या ओळखणारी माणसं लागतील. ती सोलापूरची का नसावीत?

तर आता एवढं कर. लायगोचा डेटा फुकट आहे, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन या दोन डिटेक्टरांचा एकाच तासाचा उतरव, पायथॉनमध्ये स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती जोर ते) काढ आणि दिसेल त्या प्रत्येक रेघेपुढे कारण लिही, नाही सुचलं तर कोरं सोड. लायगोची स्वतःची लाइनींची यादीही मिळते, पण तुझी झाल्यावरच ती उघड. मग दोन्ही घेऊन रविवारी घरी ये.