वाचक विचारतात: खासदारांचं शिष्टमंडळ शेजारी देशात जाऊन नेमकं काय करतं?

शेजारी देशांत जाणाऱ्या संसदीय शिष्टमंडळांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

पंतप्रधान जातात, परराष्ट्रमंत्री जातात, राजदूत तर तिथेच मुक्कामाला असतो. मग खासदारांना वेगळं पाठवायचं कशाला?
*(एक वाचक, सांगली)*

करारावर सही करायची तर मंत्रीच लागतो. शिष्टमंडळाला तो अधिकार नाही. पण करार झाला तरी तो संसदेत अडकू शकतो, आणि तिथे विरोधकांच्या मतांना किंमत येते. नेपाळचंच घ्या. २०१५च्या राज्यघटनेतल्या कलम २७९ प्रमाणे सीमा, संरक्षण, नैसर्गिक संपत्तीचं वाटप अशा विषयांवरच्या करारांना दोन्ही सभागृहांच्या एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांची मंजुरी लागते. प्रतिनिधी सभेचे २७५ आणि राष्ट्रीय सभेचे ५९ मिळून ३३४ सदस्य. सगळ्या जागा भरलेल्या असतील तर २२३ मतं हवीत. काठमांडूत एका पक्षाकडे एवढी मतं क्वचितच असतात. (नैसर्गिक संपत्तीचा करार व्यापक, गंभीर वा दीर्घकाळ परिणाम करणारा नसेल तर प्रतिनिधी सभेच्या साध्या बहुमतावर भागतं. पण तो तसा आहे की नाही, यावरूनच वाद पेटतो.)

राजदूत तिथल्या विरोधी नेत्यांना भेटतो, पण जपून. वारंवार भेटला तर यजमान सरकारच्या भुवया उंचावतात. आपल्याकडचा विरोधी खासदार मात्र तिकडच्या विरोधी खासदाराबरोबर तासभर चहा घेऊ शकतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आपल्या बाजूलाही हेच लागू आहे. एरवी भारतात करार करायला संसदेची परवानगी लागत नाही. पण भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने बेरुबारी प्रकरणात १९६० साली स्पष्ट केलं. बांगलादेशबरोबरचा सीमा करार १९७४चा, पूरक करार २०११चा, आणि आपल्या संसदेची मोहोर २०१५ची! २०१३ साली विधेयक आलं तेव्हा आसाम गण परिषद, तृणमूल आणि भाजप यांचा कडवा विरोध होता. पुढे शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने ते तपासून अनुकूल अहवाल दिला. मे २०१५मध्ये राज्यसभेत १८१ आणि लोकसभेत ३३१ मतं बाजूने, विरोधात एकही नाही. ३१ जुलैच्या मध्यरात्री दुसऱ्या देशाच्या हद्दीत अडकलेल्या १११ भारतीय आणि ५१ बांगलादेशी वस्त्यांची अदलाबदल झाली. हे काम शिष्टमंडळाचं नव्हे, समितीचं आणि पक्षांतल्या वाटाघाटींचं. पण ढाक्याची बाजू समोरासमोर ऐकलेले खासदार सभागृहात असणं किती उपयोगाचं असतं, ते अशा मतदानाच्या वेळी कळतं.

असं शिष्टमंडळ पाठवतं कोण? सगळी तयारी कशी होते?
*(राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)*

हे काम भारतीय संसदीय गटाचं. १९४९पासून चालत आलेली ही स्वायत्त संस्था. लोकसभेचे अध्यक्ष तिचे पदसिद्ध अध्यक्ष आणि लोकसभेचे महासचिव तिचे पदसिद्ध महासचिव. जिनिव्हाच्या आंतरसंसदीय संघात (स्थापना १८८९) आणि राष्ट्रकुल संसदीय संघात भारताची बाजू हाच गट सांभाळतो. देशादेशांमधले मैत्री गट आणि सदिच्छा शिष्टमंडळांची देवाणघेवाणही याच्याच कक्षेत येते.

सुरुवात निमंत्रणाने होते. एका सभागृहाचा अध्यक्ष दुसऱ्या सभागृहाच्या अध्यक्षाला पत्र लिहितो. साधारण रीत अशी की विमानाचं भाडं पाहुण्यांचं, मुक्काम आणि स्थानिक प्रवास यजमानांचा. पुढच्या भेटीत याची परतफेड होते. नावं ठरताना पक्षांचं संख्याबळ पाहिलं जातं. मग परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी, आणि निघण्यापूर्वी मंत्रालयाकडून माहितीची बैठक. शेजारच्या देशाचा विषय असेल तर पाणी, सीमा, मच्छीमार, वीज, व्यापार यांवर टिपण मिळतं. ते विमानात उघडणाऱ्या सदस्याची पंचाईत ठरलेलीच.

तिकडची सगळी जुळवाजुळव आपलं कार्यालय करतं. श्रीलंका, बांगलादेश, मालदीव, पाकिस्तान हे राष्ट्रकुलातले देश, म्हणून तिथे उच्चायुक्तालय. नेपाळ, भूतान, म्यानमारमध्ये दूतावास. पत्ता चुकला तर निदान हसं होतं.

एक कायदेशीर बाब पुष्कळांना ठाऊक नसते. परदेशी संस्थेने खासदाराला थेट बोलावलं आणि खर्च तीच करणार असेल, तर विदेशी योगदान नियमन कायदा, २०१०च्या कलम ६ प्रमाणे केंद्राची आगाऊ परवानगी लागते. अर्जाचा नमुना एफसी-२, आणि तो प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी पोचला पाहिजे. तिथे अचानक आजारी पडून उपचार घ्यावे लागले तर सूट आहे, पण महिनाभरात कळवावं लागतं. हा नियम आमदारांनाही लागू आहे.

खरं सांगा, या दौऱ्यांतून काही निघतं का? की फोटो आणि खरेदी?
*(निवृत्त शिक्षक, मडगाव)*

काही दौरे फोटोपुरतेच असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एप्रिल २०१२चा श्रीलंका दौरा पाहा. त्याआधीच्या महिन्यात भारताने जिनिव्हात मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाला मत दिलं होतं. कोलंबो त्या मतावरून चिडलेलं, चेन्नई तिथल्या तमिळांच्या प्रश्नावरून त्याहून चिडलेली. काँग्रेसच्या सरकारने सर्वपक्षीय शिष्टमंडळ पाठवलं आणि नेतृत्व दिलं विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांना. ही निवडच निम्मं काम करून गेली: दिल्लीत सरकार कुणाचंही आलं तरी तमिळांचा प्रश्न टळणार नाही, हे कोलंबोला न बोलता कळलं. शिष्टमंडळ युद्धाने होरपळलेल्या उत्तर भागात गेलं. तिथे भारताचा ५०,००० घरांचा प्रकल्प चालू होता.

उणी बाजूही ठळक होती. अण्णा द्रमुक आणि द्रमुक दोघांनीही आपले सदस्य काढून घेतले. म्हणजे प्रश्न तमिळांचा आणि तमिळनाडूचे दोन मोठे पक्षच गैरहजर! दुसरी उणीव अधिक शिकवणारी आहे. राष्ट्राध्यक्ष राजपक्षे यांनी (प्रांतांना अधिकार देणाऱ्या) तेराव्या घटनादुरुस्तीच्याही पुढे जाण्याचं आश्वासन दिल्याचं आपल्याकडून सांगण्यात आलं, आणि थोड्याच दिवसांत तिकडून इन्कार छापून आला. न्याहारीच्या टेबलावर मिळालेला शब्द दोन्ही बाजूंनी लिहून घेतलेला नसेल तर त्याचं असंच होतं. म्हणून प्रत्येक भेटीत आपला एक अधिकारी वही घेऊन बसलेला असावा, आणि पत्रकारांसमोर काय सांगायचं ते दालनातून बाहेर पडण्याआधीच ठरावं.

बिनसतं ते बहुधा कुठे?
*(एक वाचक, पुणे)*

तीन जागा सांगता येतील.

पहिली बहुपक्षीय बैठक. सप्टेंबर २०१९मध्ये मालेला दक्षिण आशियाई सभापतींची परिषद भरली होती. विषय शाश्वत विकासाची उद्दिष्टं. तिथे पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेचे उपसभापती कासिम सुरी यांनी काश्मीर काढला. राज्यसभेचे उपसभापती हरिवंश यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली आणि चर्चेचं सूत्र सुटलं. अशा वेळी हरकत कोण घेणार, किती वाक्यांत आणि कोणत्या नियमाच्या आधारे, हे आधी ठरलेलं लागतं. दोघातिघांनी एकदम बोलायला सुरुवात केली की गोंधळाचीच बातमी होते. याच मालिकेतली २०१७ची परिषद इंदूरला झाली होती. यजमान होत्या चिपळूणला जन्मलेल्या, इंदूरच्या खासदार आणि तेव्हाच्या लोकसभा अध्यक्ष सुमित्रा महाजन.

दुसरी म्हणजे समोरचं सभागृहच नसणं. ऑगस्ट २०२४मध्ये बांगलादेशची संसद विसर्जित झाली, सप्टेंबर २०२५मध्ये नेपाळची प्रतिनिधी सभा. सभागृह गेलं की त्याचा मैत्री गट जातो, वर्षानुवर्षं जुळवलेल्या ओळखी माजी खासदारांच्या होऊन बसतात. त्यावर उपाय सचिवालयांच्या पातळीवरचा: तिथले अधिकारी टिकून असतात. दिल्लीची संसदीय प्रशिक्षण संस्था, म्हणजे आताची ‘प्राइड’, परदेशी संसदांच्या कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम चालवते. याची बातमी कधी होत नाही, पण शिष्टमंडळाइतकंच ते कामाचं आहे असं आमचं मत.

तिसरी, संसद नेहमी मवाळपणाच आणेल ही समजूत. जून २०२०मध्ये लिपुलेख, कालापानी, लिंपियाधुरा हे भारताशी वादातले भाग आपले म्हणून दाखवणाऱ्या नकाशासाठी नेपाळच्या प्रतिनिधी सभेने घटनादुरुस्ती केली तेव्हा हजर असलेल्या सर्व २५८ सदस्यांनी बाजूने मत दिलं. मंत्र्याचं विधान मागे घेता येतं, घटनेत बसलेला नकाशा पुन्हा दोन-तृतीयांशांशिवाय हलत नाही. शिष्टमंडळ जायला हवं ते अशा मतदानाच्या आधी. नंतर गेलं तर फक्त ऐकून यायचं.

२०२५मध्ये सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे शिष्टमंडळं घेऊन गेले होते. ते याच प्रकारात मोडतं का?
*(एक वाचक, ठाणे)*

नाही. ऑपरेशन सिंदूरनंतरची ती सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं सरकारने पाठवली होती, आणि गुलाम नबी आझाद, सलमान खुर्शीद यांच्यासारखे त्या वेळी खासदार नसलेले नेतेही त्यांत होते. सुळे यांचा गट कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया, इजिप्त इथे गेला. शिंदे यांचा संयुक्त अरब अमिराती, काँगो, सिएरा लिओन, लायबेरिया इथे. दक्षिण आशियातला एकही शेजारी त्या यादीत नव्हता. आपली बाजू जगाला सांगणं हे एक काम, शेजाऱ्याचं ऐकून घेणं हे निराळं.

आमच्या खासदाराने दौऱ्यात काय केलं हे कसं कळेल?
*(एक वाचक, नाशिक)*

माहितीच्या अधिकारात लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. मागायचं ते नेमकं: सदस्यांची यादी, दिवसवार कार्यक्रम, सचिवालयाने केलेला खर्च आणि अहवाल असल्यास त्याची प्रत. ‘चर्चेचा सर्व तपशील द्या’ असं लिहिलंत तर परराष्ट्र संबंधांना बाधा येईल असं सांगून कलम ८(१)(क) खाली नकार येण्याची शक्यता मोठी. उत्तराची मुदत ३० दिवस. नाकारलं तर पहिलं अपील त्याच सचिवालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, पुन्हा ३० दिवसांच्या आत.