संदर्भ देऊनही मार्गदर्शक विचारतात, "यात तुझं काय?" लघुप्रबंधात स्वतःचं म्हणणं वेगळं कसं दाखवायचं?

तुमची अडचण मला कळली ती अशी. तुम्ही शिंदखेड्याकडचे, एम.ए. मराठीसाठी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांवर लघुप्रबंध लिहिताय. पानोपानी संदर्भ दिलेत, तरी मार्गदर्शकांनी समासात "यात तुझं काय?" असं लिहून प्रकरण परत केलं. आता संदर्भ काढले तर चोरी ठरेल, आणि ठेवले तर आपलं काही उरत नाही, असं तुम्हाला वाटतंय.

मी अमळनेरला पदव्युत्तर वर्गांना शिकवते, असे लघुप्रबंध दरवर्षी माझ्या हाताखालून जातात. गावोगावी जाऊन गाणी गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याकडे स्वतःचं काही नाही, हे मला पटतच नाही. बहुतेक वेळा ते असतं, पण परिच्छेदाच्या शेवटी टाकलेल्या कंसात गडप झालेलं असतं.

तुमच्याच विषयातला नमुना घेऊ. समजा तुम्ही लिहिलंय: "खानदेशी ही भिल्ली भाषांच्या गटातली मानली जाते. तिच्यात षष्ठीला 'ना', 'नी' हे प्रत्यय लागतात. तरुण मुलींच्या तोंडी मात्र त्यांच्या जागी 'चा', 'ची' येऊ लागले आहेत. आखाजीच्या गाण्यांत जुनी रूपे टिकून राहतात (ग्रिअर्सन, 1907)."

यातलं ग्रिअर्सनचं किती? ग्रिअर्सन हे इंग्रजी राजवटीतले भाषाशास्त्रज्ञ. त्यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिलेला आहे, आणि खानदेशी त्यात न येता नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांसोबत येते. म्हणजे पहिलं वाक्य त्यांच्यावरून आलेलं. आजच्या मुली 'भाऊना' म्हणतात की 'भाऊचा', हे 1907 सालच्या पुस्तकात असणं शक्यच नाही. ते तुम्ही फोनवर रेकॉर्ड केलेल्या गाण्यांतून ऐकलंत. पण कंस शेवटी पडल्यामुळे वाचणारा चारही वाक्यं ग्रिअर्सनच्या नावावर जमा करतो. म्हणजे स्वतःची मेहनत तुम्ही स्वतःच्याच हातानं दुसऱ्याला देऊन टाकली, शिवाय ग्रिअर्सनच्या तोंडी त्यांनी न म्हटलेलं घातलंत.

आता हेच असं लिहून पाहा: "ग्रिअर्सन यांनी खानदेशीची मांडणी मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांसोबत केली (ग्रिअर्सन, 1907). मी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांत साठीपुढच्या स्त्रिया 'भाऊना', 'मायनी' अशीच रूपे वापरतात. त्याच स्त्रिया घरातल्या नातवंडांशी बोलताना मात्र 'भाऊचा', 'आईची' म्हणतात. यावरून मला असे वाटते की, बोलण्यातून जाऊ लागलेली रूपे गाण्याच्या चालीमुळे टिकून राहिली असावीत." दुसऱ्याचं कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं, ते इथं वाक्यातच कळतं. कंस फक्त पुस्तकाचा पत्ता सांगतो.

मराठीत लिहिताना आपल्याला एक खोड लागलेली असते, ती आधी मोडा. "असे म्हटले जाते", "असे दिसून येते", "असे मानले जाते". कोण म्हणतं? कुणाला दिसतं? प्रबंधाची भाषा भारदस्त वाटावी म्हणून आपण कर्ता खाऊन टाकतो, आणि तिथंच आपलं नि परक्याचं एकमेकांत मिसळतं. तुमच्या प्रकरणातल्या अशा प्रत्येक वाक्याला "कोण?" असं विचारा. उत्तरात लेखकाचं नाव आलं तर ते वाक्यात लिहा. उत्तर "मी" असेल तर बिनदिक्कत "मी" लिहा. काही मार्गदर्शकांना "प्रस्तुत अभ्यासक" हवं असतं, तर तसं लिहा. दोन्ही चालतं, मात्र कर्ता दिसला पाहिजे. आणखी एक, "अमुक म्हणतात की" एकदाच लिहून पुढची पाच वाक्यं मोकळी सोडू नका. त्यांचं म्हणणं पुढे चालू असेल तर "त्यांच्या मते", "ते पुढे नोंदवतात" असं अधूनमधून येऊ द्या.

इंग्रजी पुस्तकातला उतारा मराठीत आणला की तो आपला झाला, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. भाषांतरात शब्द तुमचे असतात, विचार मूळ लेखकाचाच राहतो, त्याचं नाव द्यावंच लागतं. इथं चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवर विसंबू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यामुळे मुलं "सर, माझं आठच टक्के आलं" म्हणून निश्चिंत होतात. ते यंत्र शब्द जुळवतं. विचार कुणाचा, हे त्याला कळत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकाला मात्र कळतं.

आता तुमच्या विषयातली सगळ्यात नाजूक बाब. गाणं ज्या बाईनं म्हटलं तिचं नाव (तिची परवानगी घेऊन), गाव, वय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख तुम्ही दिलीच असेल. पण गाण्याचा अर्थ कुणी सांगितला? "गौराई म्हणजे इथं माहेरी आलेली लेकच" असं तुमच्या आजीनं चुलीपुढं बसून सांगितलं असेल, तर तो अन्वयार्थ आजीचा आहे. तो "विश्लेषण" या मथळ्याखाली स्वतःचा म्हणून घालणं हे छापील पुस्तकातून उचलण्याइतकंच चुकीचं. आजी कुठं दावा सांगायला येणार नाही, म्हणून तर जास्तच जपलं पाहिजे. आपल्या खानदेशात हे तरी वेगळं सांगायला नको. बहिणाबाईंची गाणी कागदावर उतरवली त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं, पुस्तक निघालं 1952 मध्ये, त्या गेल्याच्या पुढच्या वर्षी. तरी गाणी बहिणाबाईंचीच राहिली. आजीचं म्हणणं तिच्या नावानं मांडा आणि मग पुढं जा: ते सगळ्या गाण्यांना लागू पडतं का, कुठल्या गाण्यात अडतं, शेजारच्या गावातल्या बाईनं वेगळं काय सांगितलं. हा ताळा तुम्ही केलेला असतो. मार्गदर्शक विचारतायत ते हेच.

सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींना संदर्भ लागत नाही. तापी पश्चिमेला वाहते, आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, हे तसंच लिहा. सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं) साल आखाजीला बदलतं हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं, पण परीक्षक कोकणातले असले तर त्यांना ते नवं असेल, तिथं एक संदर्भ दिलेला बरा.

टिपणं काढताना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं पुस्तकातलं, पान क्रमांकासकट. जसंच्या तसं घेतलं असेल तर अवतरणचिन्हांत. उजवीकडं ते वाचून तुम्हाला काय वाटलं, कुठलं गाणं आठवलं, कुठं पटलं नाही. परत आलेल्या प्रकरणावरही हेच करा: दोन रंगांची पेनं घ्या, दुसऱ्यांची वाक्यं एका रंगानं अधोरेखित करा आणि तुमची दुसऱ्या. पान एकाच रंगाचं दिसलं तर त्या पानाशी संबंधित ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐका. मग ते प्रकरण घेऊन मार्गदर्शकांकडे जा आणि रंगवलेली पानंच त्यांच्यापुढं ठेवा.