डिसेंबरातली हाफ कशी पळायची

चि. धावपटूस,

अनेक आशीर्वाद.

जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये फुलला (४२.२ किलोमीटर) नाव घातलंस, आणि आता दोन वर्षांच्या खंडानंतर डिसेंबरात एक हाफ (२१.१ किलोमीटर) पळू का, असं विचारतोयस की विचारतेयस ते पत्रात काही कळलं नाही. उत्तर दोन्हीकडे सारखंच आहे. पळ. फक्त हाफची जुनी १ तास ४५ मिनिटांची वेळ घरी ठेवून ये.

दम लवकर परत येतो, सहा-आठ आठवड्यांत फरक जाणवतो. नडगीचं हाड आणि टाचेमागची कंडरा मात्र महिन्यांच्या हिशेबाने मागून येतात. म्हणून खंडानंतर परतलेला माणूस सहसा दमाने थांबत नाही, नडगीने थांबतो. छातीला झेपतंय हा पेस (एका किलोमीटरला लागणारी वेळ, म्हणजेच वेग) वाढवण्याचा परवाना नव्हे. खंड डेंग्यू, कोविड किंवा तशाच तापामुळे पडला असेल, तर शर्यतीआधी डॉक्टरांना दाखव आणि छाती, धाप, धडधड यांबद्दल स्पष्ट विचारून घे.

आज तुला किती वेळ लागेल याचा अंदाज काढायचा तो असा. नोव्हेंबरात एका रविवारी सपाट रस्त्यावर १० किलोमीटर मन लावून पळ. समजा ५२ मिनिटं लागली. शर्यतीच्या वेळेचा अंदाज बांधणाऱ्या रीगेलच्या सूत्राने अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. त्या हिशेबाने ५२ मिनिटांच्या दहाला हाफ १:५५च्या आसपास येते आणि फुल ४ तासांच्या आसपास. पण फुलचा आकडा आठवड्याला भरपूर किलोमीटर पळणाऱ्यांचा. तुझा आठवडा ४०-४५ किलोमीटरचा असेल, तर त्यात १५-२० मिनिटं घाल. कागदावरच्या चार तासांमागे लागलेले पुष्कळजण परतीच्या पेडर रोडच्या चढावर, ३५ किलोमीटरच्या पुढे, चालताना दिसतात.

शर्यत निवडताना दोन गोष्टी बघ. फुलच्या आधी पाच-सहा आठवडे हवेत. तीन आठवड्यांवर आलेली हाफ तुझा शेवटचा ३० किलोमीटरचा लाँग रन (सरावातली लांब धाव) खाऊन टाकते. आणि रस्ता सपाट हवा. साताऱ्याची हिल हाफ यवतेश्वरच्या घाटाने चढते आणि त्याच वाटेने उतरते. ती शर्यत झकास आहे, पण तिथली वेळ सपाटीला लावता येत नाही, शिवाय उतारावर मांड्यांचे स्नायू फाटतात ते वेगळंच. पुण्याच्या डिसेंबरातल्या गारठ्यातली वेळसुद्धा थोडी लाडावणारी असते. मुंबईत जानेवारीतही दमटपणा असतो आणि साडेआठनंतर ऊन लागतं. किनाऱ्याजवळची, वसई-विरारसारखी शर्यत जास्त खरं बोलते.

हाफच्या आठवड्यात एकूण किलोमीटर पाव ते एक तृतीयांश कमी कर. मंगळवारी सहा किलोमीटर, त्यात एकेक किलोमीटरचे तीन तुकडे शर्यतीच्या पेसने, मध्ये दोन मिनिटं जॉग. शनिवारी चार किलोमीटर हलके आणि वीस-वीस सेकंदांचे चार स्ट्राइड्स, म्हणजे छोट्या वेगवान धावा. त्या आठवड्याची मेहनतीची धाव म्हणजे हाफ. इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत पळायचे वेगाचे तुकडे, वेगळे करायचे नाहीत. कार्बन प्लेटचे (तळव्यात कडक पट्टी असलेले, शर्यतीचे) बूट घेतले असशील तर त्यांत आधी निदान दोनदा ८-१० किलोमीटर पळून बघ. पोटऱ्यांवर पडणारा ताण नेहमीच्या बुटांपेक्षा वेगळा असतो आणि तो शर्यतीतच पहिल्यांदा कळणं महागात पडतं.

सकाळी सुटण्याआधी दोन-अडीच तास केळं आणि ब्रेड-जॅम, किंवा शेंगदाणे न घातलेले पोहे. साबुदाण्याची खिचडी नको, तूप-दाण्यामुळे पोटात बसून राहते. शर्यतीत पहिलं जेल (साखरेचं घट्ट पाकीट) ४० मिनिटांनी, दुसरं ७५च्या आसपास, दोन्ही साध्या पाण्याबरोबर. जेलवर एनर्जी ड्रिंक प्यायलास की साखर दुप्पट होते आणि पोट बिघडतं. ओआरएस क्षारांसाठी ठीक. एका लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, त्याच्या जोरावर पळता येत नाही. प्रत्येक स्टॉलवर ग्लास रिकामा करायची गरज नाही. फार पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरणं हे तहानेपेक्षा घातक. आणि गुडघा कुरकुरतोय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन उभं राहायचं नाही; शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात.

आता पळण्याचं. लक्ष्य १:५५ धरू, म्हणजे किलोमीटरला सरासरी ५ मिनिटं २७ सेकंद (५:२७). पहिले ५ किलोमीटर २८ मिनिटांत, म्हणजे ५:३६ने. इथे बाजूने लोक सुसाट जातील. जाऊ दे, त्यातले बरेचजण पंधराव्या किलोमीटरला भेटतात. पुढचे १० किलोमीटर ५:२७ने, मग उरलेले ६.१ किलोमीटर ५:२०च्या आसपास. पंधरावर मांड्या जड वाटल्या तर ५:२७वरच राहा. पहिल्याच टप्प्यात ५:१५ने गेलास, तर साखरेचा साठा लवकर जळतो, बारा-तेरावर श्वास तुटतो आणि मग वाचवलेल्या मिनिटाची चार मिनिटं परत द्यावी लागतात. घड्याळावर आंधळा विश्वास नको. उंच इमारतींमध्ये जीपीएस भटकतं आणि वळणं आतून न घेतल्यामुळे शेवटी २१.३-२१.४ दिसतं. किलोमीटरच्या पाट्यांवर घड्याळाचं लॅप बटण दाब, म्हणजे त्या किलोमीटरची वेळ कळते. वेळ चिपची धर, म्हणजे तू सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची; शर्यत सुटल्याच्या बंदुकीपासूनची नाही.

संपल्यावर बसकण मारू नकोस, दहा मिनिटं चाल. दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त असतं, त्याला घाबरू नकोस. सोमवारी अर्धा तास चालणं, मंगळवारी सुट्टी. बुधवारी कठड्याला न धरता जिना उतरता आला, तर पाच किलोमीटर हलके. नाही आला, तर गुरुवारी बघ. पुढचे सात-आठ दिवस वेगाचं काहीही नाही. छान वेळ आली की उत्साहात मंगळवारीच ट्रॅकवर जायचा मोह होतो, आणि फुल बहुधा तिथेच हातची जाते. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं नडगीत दुखत असेल, तर धावणं बंद आणि थेट ऑर्थोपेडिककडे.

घरी पोचल्यावर तीन टप्प्यांच्या वेळा, प्यायलेल्या पाण्याचा अंदाज आणि बुधवारचा जिना, एवढं लिहून पाठव. त्यावरून फुलचा पेस ठरवू.

तुझा हितचिंतक