रॉचेस्टर ऱ्हायनोज: ओपन कप जिंकलेला क्लब बंद का पडला

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या सगळ्या पातळ्यांच्या फुटबॉल क्लबांसाठी असलेल्या ओपन कपच्या विजेत्यांच्या यादीत 1996 पासून सगळे एमएलएसचे (मेजर लीग सॉकर, तिथली सर्वात वरची लीग) क्लब आहेत, फक्त 1999 समोर रॉचेस्टरचं नाव आहे. हा क्लब कुठला, आणि मैदानावर दहा हजार लोक येत असताना तो बुडाला कसा?

आधी एक गैरसमज दूर करतो. बरेच जण 1999 चा कप म्हणजे नशिबाची लॉटरी मानतात. तसं नाही. रॉचेस्टर रेजिंग ऱ्हायनोज (नंतर 'रेजिंग' गळून नुसतं ऱ्हायनोज राहिलं) हा क्लब 1996 मध्ये ए-लीगमध्ये, म्हणजे एमएलएसच्या खालच्या दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, उतरला आणि पहिल्याच मोसमात दोन अंतिम सामन्यांपर्यंत पोचला. लीगच्या अंतिम सामन्यात सिॲटल साउंडर्सकडून हरला. ओपन कपमध्ये टॅम्पा बे म्युटिनी आणि कोलोराडो रॅपिड्स या एमएलएसच्या दोन संघांना बाहेर काढून अंतिम फेरी गाठली, तिथे डी. सी. युनायटेडने 3-0 ने हरवलं. पुढे 1998, 2000 आणि 2001 अशी तीनदा ए-लीग जिंकली. 1999 चा कप या सलग उंचीच्या मधोमध येतो. प्रशिक्षक होते पॅट एर्कोली. त्या वर्षांत या संघाकडून खेळलेला कॅनडाचा गोलरक्षक पॅट ऑनस्टॅड नंतर सॅन होजे आणि ह्यूस्टनबरोबर एमएलएस कप, म्हणजे एमएलएसचं विजेतेपद, जिंकला, यावरून संघात काय दर्जाची माणसं होती हे लक्षात येईल.

आता 1999 चा प्रवास, कारण तो नीट मांडलेला फारसा सापडत नाही. शिकागो फायर तेव्हा गतविजेते होते. 1998 मध्ये त्यांनी एमएलएस कप आणि ओपन कप दोन्ही उचलले होते. रॉचेस्टरने त्यांना 1-0 ने हरवलं. मग डॅलस बर्न 2-1. उपांत्य फेरीत कोलंबस क्रू 3-2. 14 सप्टेंबरला अंतिम सामन्यात कोलोराडो रॅपिड्स 2-0. पहिला गोल डग मिलरचा, दुसरा अगदी शेवटी यारी ऑलनटचा. म्हणजे एकाच स्पर्धेत ओळीने चार एमएलएस संघ, आणि त्या वेळी अख्ख्या एमएलएसमध्ये संघ होते बारा. गंमत म्हणजे त्याच मोसमात लीगचा अंतिम सामना मात्र ते मिनेसोटा थंडरकडून हरले.

अंतिम सामना झाला कोलंबस क्रू स्टेडियममध्ये. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी कहाणी इथून फुटते. ते मैदान त्याच वर्षी मे महिन्यात उघडलं होतं आणि एमएलएसच्या संघासाठी खास फुटबॉलचं म्हणून बांधलेलं ते पहिलंच. ते उभं करणारे लामार हंट, आणि 1999 पासून ओपन कपलाही त्यांचंच नाव दिलं गेलं. छोट्या शहरांना त्यातून धडा दिसला: स्वतःचं मैदान असेल तर वरच्या लीगचं दार उघडेल.

कप जिंकून मिळालं काय? आज ओपन कपच्या विजेत्याला कॉन्ककॅफच्या (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा फुटबॉल महासंघ) क्लब स्पर्धेत जागा मिळते, पण ती सोय 2008 पासूनची. 1999 च्या विजेत्याला खंडाच्या स्पर्धेचा रस्ताच नव्हता. वरच्या लीगमध्ये बढती तर नव्हतीच, कारण अमेरिकेत बढती-घसरण हा प्रकारच नाही. वरच्या पातळीवर जायचं तर प्रवेश शुल्क भरून संघाची जागा विकत घ्यायची. आपल्याकडे 2016 मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग सोडली त्यामागचा, आयएसएल वरची लीग होणार आणि तिथे बढतीचा रस्ता नसणार यावरचा राग आठवला, तर ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शहराबद्दल थोडं. रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ऑन्टारिओ सरोवराकाठचं गाव, फोटो फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीचं गाव. महानगर परिसराची वस्ती साधारण दहा लाख. फुटबॉल तिथे नवा नव्हता: रॉचेस्टर लान्सर्सने 1970 मध्ये जुन्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचं विजेतेपद जिंकलं होतं आणि 1980 पर्यंत तो संघ चालला. ऱ्हायनोज आले तेव्हा हा प्रेक्षक सोळा वर्षं भुकेला होता. नव्वदीच्या शेवटी सरासरी 10,000 च्या वर गेली, आणि दुसऱ्या पातळीच्या अमेरिकन क्लबसाठी तेव्हा हा आकडा विलक्षण होता.

पण हे प्रेक्षक बसत होते फ्रंटियर फील्डवर, म्हणजे बेसबॉलच्या मैदानावर. बेसबॉलच्या मैदानात फुटबॉल बसवताना तीन अडचणी येतात. चेंडू फेकणाऱ्याचा उंचवटा सपाट करावा लागतो. मातीच्या भागावर हिरवळ टाकावी लागते, आणि तिचे सांधे नीट बसले नाहीत तर चेंडू उडतो, घोटे मुरगळतात. आणि बसायच्या जागा बेसबॉलच्या कोनात असतात, त्यामुळे एका बाजूच्या प्रेक्षकाला मैदान लांब पडतं. त्यात तारखा आधी बेसबॉलवाल्यांच्या. पैशाचं गणित याहून वाईट: भाडेकरू क्लबच्या हाती मुख्यतः तिकिटं आणि प्रायोजक राहतात, पार्किंग, खाणंपिणं, मैदानाच्या नावाचे हक्क यांचा मोठा वाटा सहसा मैदानाच्या मालकाकडे किंवा मुख्य भाडेकरूकडे जातो. तेव्हा स्वतःचं मैदान हवं हा हट्ट चुकीचा नव्हता.

चूक आकारात आणि वेळेत झाली. 2006 च्या जूनमध्ये पेटेक पार्क उघडलं: 13,768 जागा, राज्य सरकारचाही मोठा पैसा, आणि पुढेमागे जागा वाढवून एमएलएसला दाखवता येईल अशी आखणी. दुसऱ्या पातळीच्या क्लबला याहून लहान मैदान पुरलं असतं. जास्तीच्या जागा बांधल्या त्या एमएलएस येईल या भरवशावर, आणि नेमकं त्याच सुमारास एमएलएसचं प्रवेश शुल्क वाढायला लागलं. 2007 मध्ये आलेल्या टोरांटोने 1 कोटी डॉलर भरले. 2009 मध्ये आलेल्या सिॲटलने 3 कोटी. पुढे सॅन डिएगोसाठी आकडा 50 कोटींवर गेला. रॉचेस्टरचे मालक मैदानाचं कर्ज फेडायला धडपडत असताना दार दरवर्षी लांब सरकत होतं.

2008 च्या सुरुवातीला मालकांनी हात टेकले. मैदान शहराकडे गेलं, क्लब नव्या मालकाने घेतला. म्हणजे ज्या मैदानातून कमाई व्हायची होती, त्याच मैदानात क्लब पुन्हा भाडेकरू झाला. माझ्या मते ऱ्हायनोजचा शेवट 2008 मध्येच ठरला, नंतरची पंधरा वर्षं ही लांबलेली झुंज होती. कोडॅकची पडझडही त्याच काळातली. 2012 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या गावात प्रायोजक शोधायचे, त्या गावाचंच कंबरडं मोडत होतं.

जुने तक्ते चाळणाऱ्यांसाठी इथे एक सूचना. लीगची नावं बदलली की लोक पातळ्यांची गल्लत करतात. ए-लीगचं 2005 मध्ये यूएसएल (युनायटेड सॉकर लीग) फर्स्ट डिव्हिजन झालं, पातळी दुसरीच राहिली. 2010 मध्ये क्लबांच्या दोन गटांत भांडण झालं म्हणून अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने एक वर्ष स्वतःच दुसरी पातळी चालवली. 2011 पासून रॉचेस्टर यूएसएल प्रोमध्ये (पुढे नुसतं यूएसएल), म्हणजे तिसऱ्या पातळीवर गेलं. त्यामुळे 2015 चं विजेतेपद तिसऱ्या पातळीचं आहे आणि ते 1998, 2000, 2001 च्या रांगेत धरू नये. तरी तो मोसम कमी लेखू नका: बॉब लिली यांच्या संघाने साखळीत 28 पैकी फक्त एक सामना गमावला आणि अंतिम सामन्यात एलए गॅलॅक्सीच्या दुसऱ्या संघाला जादा वेळेत 2-1 ने हरवलं.

2013 मध्ये मालकी खुद्द यूएसएलने हाती घेतली होती, 2016 मध्ये नवे मालक आले. 2017 मध्ये यूएसएलला दुसऱ्या पातळीचा दर्जा मिळाला आणि खर्च वाढला. महासंघाच्या नियमानुसार दुसऱ्या पातळीच्या क्लबच्या मुख्य मालकाकडे किमान 2 कोटी डॉलरची मालमत्ता लागते, तिसऱ्या पातळीला 1 कोटी पुरतात. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर क्लबने 2018 चा मोसम खेळणार नाही असं जाहीर केलं. विश्रांती एका वर्षाची सांगितली होती, ती चार वर्षं चालली. 2021 मध्ये तेव्हा इंग्लंडच्या लेस्टर सिटीकडून खेळणारा जेमी वार्डी भागीदार झाला, क्लबचं नाव रॉचेस्टर न्यूयॉर्क एफसी झालं, आणि 2022 मध्ये एमएलएस नेक्स्ट प्रोच्या पहिल्याच मोसमात तो उतरला. तिथे बाकी सगळे संघ एमएलएस क्लबांचे राखीव संघ; स्वतंत्र असा हा एकटाच. राखीव संघाचा तोटा वरचा क्लब सोसतो, रॉचेस्टरच्या वर कोणीच नव्हतं. मार्च 2023 मध्ये क्लब बंद झाला.

गर्दी ओसरली म्हणून क्लब बुडाला, असं कोणी म्हटलं तर क्रम उलटा आहे हे सांगा. आधी कर्ज, मग मालकांची अदलाबदल, मग खालच्या पातळीची लीग, आणि प्रेक्षक त्यानंतर पांगले. त्याच मैदानावर खेळणाऱ्या वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश या महिला संघाने 2016 मध्ये राष्ट्रीय महिला लीग जिंकली आणि पुढच्याच जानेवारीत तो संघ नॉर्थ कॅरोलिनाला हलवला गेला. जिंकून जागा टिकत नाही, हे रॉचेस्टरने दोनदा पाहिलं.

1999 नंतर एमएलएसबाहेरचे फक्त दोन क्लब ओपन कपच्या अंतिम सामन्यात पोचलेत: 2008 मध्ये चार्ल्स्टन बॅटरी आणि 2022 मध्ये सॅक्रामेंटो रिपब्लिक. दोघेही हरले.