पैसे बंद करू का, असं विचारणाऱ्या लातूरच्या ताईंना

लातूरहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगा २८ वर्षांचा, मेकॅनिकल झालाय, पाच वर्षं पुण्यात राहून एमपीएससी केली, दोनदा प्रीलिम निघाली पण मेन्सला अडकला. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. दिवसभर खोलीत मोबाईल घेऊन पडून असतो, ताई ताट झाकून ठेवतात, सगळे झोपले की उठून जेवतो. मिस्टर म्हणतात, एक रुपया देऊ नको, येईल ताळ्यावर. ताई विचारतात, खरंच पैसे बंद करू का?

ताई, असे एका रात्रीत नका बंद करू. आधी त्याच्या तब्येतीकडे बघा, कारण सगळ्यांना चुकवून जेवणारं पोरगं आळशी नसतं बहुतेक वेळा, त्याला तोंड दाखवायची लाज वाटत असते. आणि हेही लक्षात घ्या की २०२५ पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झाली, ९ पेपर, त्याने इतकी वर्षं ज्या पॅटर्नचा अभ्यास केला तोच बदलला, यात त्याचा काय दोष? झोप उडालीय, अंघोळीचंही भान नाही, मी नसतो तर बरं झालं असतं असलं काही बोलतोय, यातलं काहीही असेल तर नोकरीचा विषय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर. टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. तो नाही म्हणाला तर तुम्ही स्वतः फोन करून विचारा.

पण तुमच्या पत्रातलं दुसरंच काहीतरी मला पैशापेक्षा जास्त खटकलं. परीक्षेचे फॉर्म तुम्ही भरता, रिचार्ज तुम्ही मारता, बँकेत केवायसीला मिस्टर जातात, मावशीचा फोन आला की तो अभ्यास करतोय म्हणून तुम्ही सांगता. मायेपोटीच करताय सगळं, कळतंय मला, पण त्याच्या आयुष्यातलं त्याने स्वतः करायचं असं काही उरलंच नाही हो. तेव्हा पैसे देत रहा पण हात काढून घ्या. महिन्याची एक रक्कम ठरवा, एक तारखेला त्याच्या खात्यावर टाका, रिचार्ज, फॉर्मची फी, पेट्रोल सगळं त्यातूनच, वीस तारखेला संपले तर संपले, मागून गुपचूप पाचशे द्यायचे नाहीत. हे तुम्हालाच जास्त जड जाईल. घरातलं एक काम पूर्ण त्याच्याकडे द्या, गॅस बुकिंग, लाइट बिल, आजीची औषधं, काहीही, आणि त्याच्याकडून राहिलं तर राहू द्या, तुम्ही धावू नका. फक्त आजीची औषधं दिलीत तर त्यावर लक्ष असू द्या.

परीक्षेचं काय, तर खुल्या गटाला वयाची अट ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे आयोग त्याला इतक्यात थांब म्हणणार नाही, ते घरातच ठरवावं लागेल आणि ते त्यानेच ठरवायला हवं. त्याला एकच विचारा, अजून किती अटेम्प्ट, आणि नाही निघालं तर कोणत्या महिन्यापासून काय? उत्तर द्यायला चार दिवस द्या. जे सांगेल ते त्यालाच लिहू द्या. त्यावर मिस्टरांनी शेजारच्याचा मुलगा कुठे लागला हे काढायचं नाही, आधी तुम्ही दोघं बसून एवढं ठरवून घ्या, नाहीतर तो एकाकडून ऐकेल आणि दुसऱ्याकडून पैसे घेईल.

तोवर अर्धा दिवस तरी बाहेर पडू दे. पाच वर्षांचा अभ्यास वाया गेला असं तुम्ही लिहिलंत ते मला पटलं नाही, दोनदा प्रीलिम काढलेला मुलगा पोलीस भरती, तलाठीच्या अकॅडमीत पॉलिटी, इतिहास आरामात शिकवू शकतो, लातुरात क्लासेसना तोटा नाही. २०२४ ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १०,००० विद्यावेतन ठरलं होतं, वय ३५ पर्यंत. पर्मनंट नोकरी नव्हे ती, पण रोज सकाळी तयार होऊन कुठेतरी जायची सवय लागेल. सध्या जागा आहेत का ते जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्रात कळेल, मात्र चौकशीला तुम्ही जाऊ नका, त्यालाच जाऊ द्या. स्वतःचे पैसे यायला लागले की घरखर्चाला हजार दोन हजार मागा त्याच्याकडे, संकोच नका करू.

आणि मावशीचा फोन आला की फोन त्याच्या हातात द्या.