मुंबई ते लंडन विमानाचं अंतर किती, आणि प्रत्यक्षात वेळ किती लागतो?

तुमच्या आई पहिल्यांदाच एकट्या मुंबईहून लंडनला निघाल्या आहेत आणि तुमचा भाऊ त्यांना घ्यायला जाणार आहे, म्हणून तुम्ही हे विचारलंत. तुमचा हिशोब असा आहे: अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास. मग तिकिटावर जाताना दहा आणि येताना नऊ तास का? आणि आईंना घ्यायला भावाने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कधी जावं?

७,२०० हा आकडा बरोबर आहे, पण तो पृथ्वीच्या गोलावर दोन्ही विमानतळांमध्ये दोरा ताणून मोजलेला. तो दोरा मुंबईहून वायव्येला कच्छ, पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, म्हणून त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. ब्रिटिश कंपन्यांना ती बंदी नव्हती. त्यामुळे वेळ पाहताना विमान कोणत्या कंपनीचं आहे तेही पाहा.

जाण्यायेण्यातला फरक वाऱ्यामुळे पडतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. सीटसमोरच्या पडद्यावर वेग दिसतो तो जमिनीच्या हिशोबाने. जाताना तो ८०० च्या आसपास रेंगाळतो, येताना वारा पाठीशी असला की हजाराच्या वर जातो.

शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीसाठी रांगेत थांबणं त्यातच आलं. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आणि गर्दी प्रचंड, त्यामुळे उतरण्याआधी विमानं बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न अशा ठरलेल्या ठिकाणांवर घिरट्या घालतात. एका फेरीला साधारण चार मिनिटं जातात.

खरा घोळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. समजा, उन्हाळ्यात मुंबईहून दुपारी १ ला निघालात, तर दहा तासांनी तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे प्रवास साडेपाच तासांचाच वाटतो. येताना रात्री ९ ला निघून नऊ तासांनी इथे सकाळी साडेदहा, म्हणजे साडेतेरा तास वाटतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, तेवढे दिवस जपा.

भावाने निघताना फ्लाइट नंबर टाकून विमान उतरण्याची ताजी वेळ पाहावी आणि त्यात तासभर मिळवावा, कारण इमिग्रेशन आणि सामान व्हायचं असतं. आईंचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर किमान ४८ तास आधी कंपनीकडे नोंदवा. त्यांना सोबत माणूस मिळतो, तोच बाहेरपर्यंत आणून सोडतो.