पुढं पळावं का मागं दबून ऱ्हावं? (वाचकांचे सवाल, मैदानावरचे जवाब)

सवाल : सर, आमच्या पारावर 3000 मीटर स्टीपलचेस (अडथळे अन् पाण्याच्या उड्या असलेली रेस) पळणाऱ्या अविनाश साबळेवरून रोज भांडणं व्हायलीत. मांडव्याचा पोरगा, आमच्याच आष्टी तालुक्यातला, म्हणून सगळ्यांना तो घरचाच वाटतो. हांगझोऊच्या एशियन गेम्सला सुरुवातीपासून पुढं पळाला अन् गोल्ड घेऊन आला. मग वर्ल्ड चॅम्पियनशिप अन् ऑलिंपिकच्या फायनलला तसंच काहून पळत नाही? दोन्हीकडं अकरावा आला. एक काका म्हणायलेत की कोचनीच त्याला मागं दाबून ठेवलं. खरं काय? (एक वाचक, ता. आष्टी, जि. बीड)

जवाब : काकांना माझा रामराम सांगा, पण त्यांचं म्हणणं काही मला पटलेलं नाही. नंबर दोन्हीकडं अकरावा आहे हे खरं, पण ते दोन अकरावे नंबर एकमेकांच्या अगदी उलटे आहेत, आकडे समोर ठेवून बघा.

2022 ला अमेरिकेतल्या युजीनची वर्ल्ड फायनल मोरोक्कोच्या सोफियान एल बक्कालीनं जिंकली 8:25.13 मध्ये (म्हणजे 8 मिनिटं 25.13 सेकंद), आणि साबळे आला 8:31.75 मध्ये. आता साबळेचा त्यावेळचा बेस्ट टाइम होता 8:12.48, म्हणजे जिंकणाऱ्याच्या टाइमपेक्षा बारा सेकंद फास्ट तो महिनाभर आधीच पळून आला होता! मग हरला कसा? तर त्या दिवशी कुणीच पुढं जाऊन रेस ओढली नाही, सगळा घोळका रमतगमत फिरला आणि शेवटी सगळा निकाल शेवटच्या राउंडच्या धावाधावीवर गेला, आणि ती धावाधाव म्हणजे एल बक्कालीचं घरचं अंगण. तीनच आठवड्यांनी बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये रेस कडक झाली, तिथं हाच साबळे 8:11.20 पळाला आणि केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागं फक्त 0.05 सेकंदानं सिल्व्हर. पाय तेच, माणूस तोच, फक्त रेसचा पेस बदलला. त्यामुळं युजीनला कुणीतरी रेस ओढायला पाहिजे होती, आणि तो कुणीतरी साबळे स्वतःच असायला हरकत नव्हती, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण पॅरिसला 2024 मध्ये तसं नव्हतं. तिथं रेस कडकच झाली. एल बक्काली 8:06.05, साबळे 8:14.18. त्याचा नॅशनल रेकॉर्ड 8:09.91, तो सुद्धा तिथं मेडलला पुरला नसता, कारण तिसरा नंबरच 8:06.47 चा होता. तिथं पुढं पळून काय करणार होता, लवकर थकला असता एवढंच. आणि हांगझोऊला गोष्ट आणखी तिसरी, तिथं तो बाकीच्यांपेक्षा उघड भारी होता, चार सेकंदाच्यावर फरकानं 8:19.50 मध्ये गेम्स रेकॉर्ड करून जिंकला. आपण सगळ्यात भारी असलो तर पुढं पळणं ही रिस्क नसतेच, उलट घोळक्यात राहणं रिस्कचं. स्टीपलचेसमध्ये तर जास्तच, 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या, मागून पळणाऱ्याला समोरच्याची पाठ दिसते, अडथळा अगदी पायाशी आल्यावर दिसतो.

म्हणजे आधी बघायचं, त्या मैदानात आपण कितव्या ताकदीचे, आणि आपली ताकद दमात आहे का शेवटच्या 200 मीटरच्या जोरात, ज्याला किक म्हणतात. दम जास्त अन् किक कमी असेल तर रेस स्लो होऊ द्यायची नाही, किक असेल तर गप बसायचं. एकाच माणसाला दोन्ही कसं करावं लागतं ते बघायचं तर पॅरिसचाच नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन बघा. 1500 मीटरला पहिल्यापासून पुढं राहून जीव खाऊन पळाला, टाइम 3:28.24, आणि तरी चौथा, कारण त्याच्याच मागं आरामात आलेल्या तिघांनी शेवटी त्याला मागं टाकलं, अमेरिकेचा कोल हॉकर 3:27.65 नं ऑलिंपिक रेकॉर्ड करून जिंकला. चार दिवसांनी त्याच इंगेब्रिग्टसेननं 5000 मध्ये वाट बघितली आणि 13:13.66 सारख्या साध्या टाइमला गोल्ड घेतलं.

अन् काकांना अमेरिकेच्या केनेथ रूक्सचं पण सांगा. पॅरिसच्या त्याच स्टीपलचेस फायनलमध्ये शेवटची घंटा झाली तसा हा गडी मागून उठून सगळ्यांच्या पुढं गेला, लोकांना वाटलं वेडा झाला, पण 8:06.41 नं सिल्व्हर. त्याआधी त्याचा बेस्ट 8:15.08 होता, म्हणजे कागदावर आपला साबळे त्याच्या पुढं होता. तेव्हा आकड्यांवर पण एका मर्यादेपर्यंतच विश्वास ठेवावा, हे माझं मलाच सांगतोय.

सवाल : सर, माझी लहान बहीण कॉलेजकडून 1500 पळते. दरवेळी पहिले तीन राउंड पुढं असते आणि शेवटच्या 200 ला दोघी-तिघी तिला कापून जातात. कोच म्हणतात मागं रहा, पण मागं राहिली की बॉक्स होते, बाहेर निघताच येत नाही. घरी आली की रडते. काय करावं? (एक दादा, परभणी)

जवाब : आधी तिला सांगा की रडू नको, ही चूक मी पण केलेली आहे. विद्यापीठाच्या 5000 ला मी सहा राउंड पुढं होतो, संध्याकाळची वेळ, ऊन पाठीशी, आणि सरळ पट्टीवर आलो की मागच्याची सावली माझ्या बुटाच्या बाजूला येऊन हलायची. ती सावली बघून मी स्पीड वाढवायचो, वळणावर सावली जायची तेव्हा जीव भांड्यात पडायचा, परत सरळ पट्टीवर ती हजर. सावलीशी रेस लावली मी, आणि तो बापडा माझ्या आडोशाला वारा चुकवत मजेत येत होता. शेवटी काय झालं ते सांगत नाही, लाज वाटते.

मुद्दा असा, की तुमची बहीण पुढं पळते ही चूक नाही, ती कशी पळते ते तपासा. समजा तिचा टाइम 5 मिनिटांचा आहे, म्हणजे 400 मीटरचा राउंड 80 सेकंदाचा आणि शेवटचे 300 मीटर 60 मध्ये. आता कुणालातरी घड्याळ घेऊन उभं करा. माझा अंदाज, पहिला राउंड 74 निघेल आणि तिसरा 86. मागच्या पोरींना असली पुढारी म्हणजे लॉटरीच, वारा ती खाते, पेस ती ठरवते, आणि तिसऱ्या राउंडला जरा ढिली पडली की बाकीच्यांना फुकटचा आराम. पुढं पळायचंच तर पहिला राउंड 80 चाच काढायचा, आणि 600 मीटर उरले की हळूहळू वाढवायचं, एकदम नाही. नाहीतर सोव्हिएत रशियाच्या व्लादिमिर कुत्ससारखं करायचं. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या 10000 मध्ये तो पुढंच होता पण एका पेसनं नाही, मधेच जोरात सुटायचा, मग स्लो व्हायचा, परत सुटायचा. इंग्लंडचा गॉर्डन पिरी दरवेळी त्याच्या मागं गेला आणि शेवटी पार मोडला, आठवा आला. कुत्सला गोल्ड. पण हे करायला कुत्सची छाती पाहिजे, कॉलेजच्या पोरीला लगेच सांगू नका.

बॉक्सचं म्हणाल तर मागं राहणं म्हणजे आतल्या दोरीला चिकटून राहणं नाही हो. पुढचीच्या उजव्या खांद्याला राहायचं, पहिल्या लेनच्या बाहेरच्या कडेला. पूर्ण दुसऱ्या लेनमध्ये गेली तर एका वळणाला पावणेचार मीटरच्या आसपास जास्त पळावं लागतं, तेवढं परवडतं एखाद्या वेळी, पण चारही राउंड नाही. प्रॅक्टिसला आठवड्यातून एकदा रेसच्या स्पीडनं 1000 मीटर, एक मिनिट दम, आणि लगेच 300 मीटर जीव तोडून. किक थकलेल्या पायांनी शिकावी लागते, ताज्या पायांनी सगळेच पळतात. अन् कोचशी भांडू नका, ते म्हणतात ते अर्धं बरोबर आहे.

सवाल : भाऊ पोलीस भरतीची तयारी करायलाय, 1600 मीटर. त्यानं पण असंच मागं दबून पळावं का? (जालना)

जवाब : अजिबात नाही! भरतीत मार्क घड्याळाचे, पहिला आला काय अन् विसावा आला काय. त्यामुळं वरचं सगळं विसरायचं. 5 मिनिटं 10 सेकंदात बसायचं असेल तर 400 च्या मैदानावर दर राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदाचा, चारही. पोरं काय करतात, शिट्टी झाली की शंकरपटाच्या बैलासारखी सुटतात, पहिला राउंड 68 आणि चौथ्याला हात कमरेवर. समोरचा पोरगा बरोबर पेसनं पळत असेल तर त्याचा आडोसा जरूर घ्या, तो ढिला पडला की लगेच बाजूनं काढायचं, पाव्हणा म्हणून थांबायचं नाही. तुम्ही रोज सकाळी मैदानाच्या सुरुवातीच्या रेघेवर मोबाइल घेऊन उभे ऱ्हावा आणि तो समोरून गेला की सेकंद मोठ्यानं ओरडा. पंधरा दिवसांनी त्याला न बघता किती झाले ते विचारा, दोन सेकंदाच्या आत सांगायला लागला की मला परत लिहा.